निघालो म्हणजे नेमकं काय?

माझी भाची चैत्राली काय काम करते, हे वेल्ह्यात मला रोज कुणी ना कुणी विचारतं आणि रोज माझं डोकं फिरतं. माझं झेरॉक्सचं दुकान जीपच्या थांब्याला लागून आहे. पोरगी वर माळ्यावर बसते, कारण नेट फक्त तिथं येतं, तेही खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. सात-बाराची झेरॉक्स काढायला आलेला माणूस हमखास वर मान करतो. "सुलूताई, पोरगी वर काय करती?"

"विचार करते," मी सांगते.

"त्येचा पगार मिळतो व्हय?"

मिळतो. माझ्या दुकानापेक्षा बरा मिळतो, म्हणून तर मला जास्त राग येतो.

पुण्यातल्या एका कंपनीत ती आहे. लिफ्ट, रेल्वेचं फाटक, कारखान्यातली यंत्रं असलं काही चालवणारा प्रोग्रॅम लिहायच्या आधी त्यानं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते ही बाई गणितासारख्या कडक भाषेत लिहून काढते. पहिल्यांदा तिनं तसलं पान माझ्या प्रिंटरवर सोडलं तेव्हा इंग्रजी ए डोक्यावर उभा आणि ई पाठ फिरवून बसलेला असा छापून आला. मला वाटलं, प्रिंटर गेला. मी त्याला दोन चापट्या मारल्या.

"मावशी, मारू नको त्याला! उलटा ए म्हणजे 'प्रत्येक'. पाठमोरा ई म्हणजे 'निदान एक तरी'."

"मग तसं लिही की. मराठी काय मेलीय?"

"मराठीत लिहिलं की ज्याचा त्याचा अर्थ वेगळा निघतो."

मराठीचा हा अपमान मी ऐकून घेतला नाही. तिच्या चहात त्या दिवशी साखर घातली नाही. पण पुढं जे झालं त्यात पोरगी खरी ठरली, आणि ते सांगायलाच मी बसले आहे.

आधी तिचा स्वभाव सांगते. लहानपणापासून हिला एक खोड. "समजा." आजी म्हणायची, विहिरीजवळ जाऊ नको. ही म्हणायची, "समजा, विहीरच माझ्याजवळ आली तर?" आई म्हणायची, पाहुणे आल्याशिवाय लाडूला हात लावायचा नाही. "समजा, पाहुणे आलेच नाहीत तर लाडू कुणाचे?" शाळेत गुरुजी फळ्याकडं वळले की पोरं हिच्याकडं बघायची, आता ही काय समजतीय म्हणून. मी कितीदा तिच्या तोंडात लाडू कोंबून ते 'समजा' बंद केलं असेल. कंपनीनं त्याच खोडीला नोकरी दिली. कारण उलट्या एची पानं कुणी वाचत नाही, सगळे मान डोलावतात आणि 'बरोबर आहे' म्हणतात. म्हणून ही त्या नियमांची चालती-फिरती चित्रं करते. पडद्यावर छोटी छोटी माणसं सोडायची, नियम म्हणतो तसं त्यांना वागू द्यायचं, आणि मग विचारायचं: समजा असं झालं, तर तुम्हाला हेच हवं होतं का?

तर एकदा आमच्या थांब्यावरच्या जीपवाल्यांनी ठरवलं की आपलंही मोबाईलवर काहीतरी असावं. वेल्हे ते नसरापूर वडाप चालतं. वडाप म्हणजे भरली की निघणारी जीप, आणि आमच्याकडं जीप कधीच भरत नाही, कितीही माणसं बसली तरी. सकाळची पहिली जीप माझे दाजी चालवतात, हनुमंत, चैत्रालीचे वडील. गुंजवण्यातली भातखाचरं धरणाखाली गेल्यावर दाजींनी जीप घेतली. माणूस सोन्यासारखा, पण त्याचा एकच नियम: निघालेल्या माणसाला सोडून जायचं नाही. कुणाचाही फोन येतो, "हनुमंता, निघालोय बरं का," की दाजी चावी काढून खिशात घालतात आणि खुशाल तंबाखू मळायला घेतात.

ह्यात जीव जात होता गुलफशाचा. गुलफशा म्हणजे बाजारपेठेतल्या अमजदभाई शिंप्याची मुलगी. नुकतीच नर्स झालेली, नसरापूरच्या एका दवाखान्यात लागलेली, पण अजून कच्ची. थांब्यावर सगळ्यांच्या आधी ही हजर, पांढरा ड्रेस कडक इस्त्रीचा. आणि दवाखान्यात सगळ्यांच्या नंतर, कारण जीप उभी. मोठ्या सिस्टरनी बजावून सांगितलं होतं, आता आणखी एकदा उशीर झाला तर घरी बसायचं. पोरगी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून नखं खायची. मला तिचं वाईट वाटायचं आणि दाजींचा संताप यायचा. पण दाजींना बोलायचं कसं? थोरले ते.

चैत्रालीनं जीपवाल्यांना म्हटलं, "बटण-बिटण नंतर. आधी नियम सांगा." दोन नियम निघाले. पहिला: जो निघाला आहे त्याला सोडून जीप जाणार नाही. दुसरा: जीप रोज वेळेत निघेल. तिनं ते उलट्या एमध्ये लिहिले, मराठीत वाचून दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या. रोज ह्याच जीपनं जाणारे निवृत्त तलाठी आनंदराव म्हणाले, "सरकारी जीआर पण येवढा सोपा नसतोय." त्यांनी खाली सही करायला पेनसुद्धा काढलं.

"सही नको, तात्या," चैत्राली म्हणाली. "दुपारी मावशीच्या दुकानात या. समजा, बघायचंय."

दुपारी जीपा रिकाम्या असतात. मी शटर अर्धं ओढलं, आत अंधार केला, आणि ज्या दुकानात तीन गिऱ्हाइकं आली की मी चौथ्याला बाहेर थांबवते तिथं सगळा थांबा कोंबून बसला. दाजी स्टुलावर, आनंदराव आणि त्यांच्या सौ., म्हणजे आमच्या काकू, माझ्या खुर्चीवर निम्मे निम्मे, गुलफशा झेरॉक्स मशीनला टेकून. भिंतीवर चित्र आलं. छोटंसं वेल्हे, छोटीशी जीप, जीपजवळ पांढऱ्या ड्रेसची छोटी गुलफशा. आणि एका घरात पांढऱ्या टोपीचे, मिशीवाले छोटे आनंदराव.

"आयला, ह्यो तर म्याच!" आनंदराव खूश.

चित्रातल्या आनंदरावांनी फोनचं बटण दाबलं. डोक्यावर हिरवी पाटी आली: 'निघालो'. आणि मग ते टॉवेल घेऊन न्हाणीत गेले.

दुकानात जो हशा पिकला, सांगता सोय नाही. चित्रातले आनंदराव तांब्यानं अंगावर पाणी ओततायत, डोक्यावर हिरवी पाटी 'निघालो'. दाढी करतायत, 'निघालो'. पोहे खातायत, परत घेतायत, 'निघालो'. मग एकदाचे चपला घालून उंबरठ्यापाशी आले, तोच आतून चित्रातल्या काकू शिंकल्या. आनंदराव मागं फिरले, बसले, पाणी प्याले, परत उठले. आमच्याकडं निघताना शिंक आली की बसून पाणी प्यायल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. परत उंबऱ्याशी आले. परत शिंक. परत पाणी. चैत्रालीनं काकूंना सर्दी दिली होती.

"मला सर्दी झाली तर म्या काय करू?" खऱ्या काकू कडाडल्या, आणि नेमक्या शिंकल्या. मी हसता हसता टोनरच्या डब्यावर बसले, तो फुटला, आणि मी कमरेखाली काळी ठिक्कर झाले. तरी हसू थांबेना.

इकडं जीप उभीच. सूर्य डोक्यावर आला, मावळला, परत उगवला. नियम क्रमांक एक पाळला जात होता, अगदी इमानदारीनं. जीपच्या चाकांत गवत उगवलं. बॉनेटवर कोंबडीनं अंडी घातली, पिल्लं निघाली, पिल्लं मोठी झाली. आणि छोट्या गुलफशाचे केस हळूहळू पांढरे व्हायला लागले. हातात काठी आली. घरोघरी सगळ्यांच्या डोक्यावर हिरव्या पाट्या, निघालो, निघाले, निघालो, निघालोच, आणि अख्ख्या गावात एक माणूस हलत नव्हता.

गुलफशा मशीनला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. "मावशी," ती म्हणाली, "हे खरंच असंच हाय वो." आणि मग तिला ते पाणी पुसायचं राहून गेलं, नुसतंच वाहत राहिलं.

"म्हणजे नियमात चूक नाही," चैत्राली म्हणाली. "दोन्ही नियम बरोबर आहेत. फक्त दोन्ही एकत्र जगू शकत नाहीत. सगळं अडलंय एका शब्दावर. निघालो म्हणजे काय?"

मग जो वाद झाला तसला ग्रामसभेतही होत नाही. एक जण म्हणाला, अंगात शर्ट घातला की निघालो. दुसरा म्हणाला, चहा झाला की. काकू म्हणाल्या, "ह्यांचं निघणं म्हंजी देवाला ठावं." आनंदराव भडकले. "ओ, माणूस मनानं निघालेला असतोय! शरीर मागनं येतं!" चैत्राली शांतपणे प्रत्येकाचा अर्थ चित्रात भरून दाखवत होती, आणि दर वेळी कोंबडी बॉनेटवर चढत होती. शेवटी कोंबडी नुसती दिसली तरी लोक टाळ्या वाजवायला लागले.

मीच बोलले शेवटी. "घड्याळ लावा की. वेळ झाली, चावी फिरवली, संपलं."

दाजी स्टुलावरून उठले. एवढा वेळ ते हसले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. "घड्याळावर माणसं सोडायची?" ते म्हणाले. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," आणि अर्ध्या शटरखालून वाकून निघून गेले.

ते का, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. धरणासाठी गुंजवणं उठलं त्या दिवशी सामान दोन टेम्पोत भरलं होतं. दाजींची आई, म्हणजे चैत्रालीची आजी, मागच्या परसात तुळशीला पाणी घालत होती. पुढचा टेम्पो हलताना कुणीतरी म्हणालं, म्हातारी मागच्या टेम्पोनं निघाली. मागचा हलताना कुणीतरी म्हणालं, म्हातारी मगाशीच पुढच्यानं निघाली. दोन्ही टेम्पो वेल्ह्यात पोचले तेव्हा म्हातारी रिकाम्या घराच्या अंगणात पत्र्याच्या पेटीवर बसलेली होती. दाजी परत धावत गेले. ती काही रडली-बिडली नाही. म्हणाली, "म्या निघालेलीच हुते की रं." पण दाजी रडले. त्यानंतर हा नियम आला.

मी चैत्रालीला म्हटलं, झालं, आता तुझा बाप जन्मात ऐकत नाही. ती सरळ माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी दाजी दुकानात विड्या मागायला आले. मी विड्या विकत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणजे पोरीला बघायला आले होते. ती खाली आली आणि तिनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

चित्रात वेल्हे नव्हतं. गुंजवणं होतं. दोन टेम्पो, आणि मागच्या परसात नऊवारीतली एक छोटी म्हातारी. पुढच्या टेम्पोवर पाटी आली: 'आजी निघाली'. टेम्पो गेला. मागच्यावर पाटी आली: 'आजी निघाली'. तोही गेला. म्हातारी परसातून अंगणात आली आणि पेटीवर बसली. दाजींच्या मानेची शीर टरारली. मला वाटलं आता लॅपटॉप भिरकावतात.

"आबा, आता परत बघा," चैत्राली म्हणाली. "नियम बदललाय."

ह्या वेळी पाट्या आल्या, पण ड्रायव्हरनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो खाली उतरला, टेम्पोभोवती चारी बाजूंनी फिरला, परसात डोकावला. आजी दिसली. आजी टेम्पोत चढली, पेटीही चढली, आणि चैत्रालीनं आजीच्या हातात तुळशीचं रोप दिलं होतं.

दाजींनी ते तीनदा लावायला सांगितलं. मग नाक शिंकरून म्हणाले, "त्या दिशी आमी शब्दावर गेलो. डोळ्यानं कुणी बघितलंच न्हाई." आणि लॅपटॉप तिच्याकडं सरकवून, "डोळ्यावर ठेव पोरी. दिसंल त्याला सोडायचं न्हाई. दिसत न्हाई त्याच्यासाठी थांबायचं न्हाई. निघायच्या आधी उतरून चारी बाजूनं बघायचं." मी कामाचं निमित्त करून मशीनकडं तोंड फिरवलं. टोनरमुळं माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

नवा नियम पुन्हा भिंतीवर चालवून बघितला. कोंबडी बॉनेटवर चढायच्या आतच जीप निघाली, तर लोकांना वाईट वाटलं. काकूंनी शंका काढली, "समजा, धुकं असलं तर? आषाढात आपला हातबी आपल्याला दिसत न्हाई." समजा! काकूंना समजा! चैत्रालीनं त्यांना मिठीच मारली. ठरलं की धुक्यात मोबाईलची बॅटरी लावून यायचं, उजेड दिसला की माणूस दिसला. 'निघालो'चं बटण काढून टाकायला मात्र आनंदराव तयार होईनात. मग ते मनाच्या समाधानासाठी ठेवलं. दाबलं की हिरवी पाटी येते, बाकी काहीही होत नाही.

नव्या नियमाचा पहिला दिवस उजाडला तो नेमका धुक्याचा. मलाही कागदाचे गठ्ठे आणायला नसरापूरला जायचं होतं, चैत्राली कौतुकानं सोबत निघाली. थांब्यावर बघते तर काय, एकेक उजेड हलत येतोय आणि सगळे हजर! भिंतीवर एकदा नाचक्की झाल्यावर कोण मागं राहतो? आनंदराव ओल्या डोक्यानं, शर्टाची बटणं जीपमध्ये लावतायत. काकू नाकाला पदर दाबून, शिंक आली तर जीप अडेल म्हणून जीव मुठीत धरून.

आणि गुलफशा नाही.

आजवर एकदाही मागं न पडलेली पोरगी. चैत्रालीनं मोबाईल बघितला. हिरवी पाटी होती: 'गुलफशा, निघाले'. फोन लावला तर लागेना.

दाजी खाली उतरले. जीपला फेरी मारली. पेठेकडं बघितलं, देवळाकडं बघितलं, चारी बाजूंना नुसता कापूस. उजेडाचा ठिपका नाही. "थांबू या की जरा," आनंदराव म्हणाले, ह्या जन्मी पहिल्यांदा दुसऱ्यासाठी. "पोरीची नोकरी हाय." सगळे हो हो करायला लागले. मी तर सरळ म्हटलं, "जळला तो नियम. तिच्यासाठीच केला ना?"

चैत्रालीचा चेहरा पांढरा पडला होता. "हे मी चालवून बघितलंच नाही मावशी," ती पुटपुटली. "ती उशिरा येईल, हे समजलंच नाही मी."

दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग चढून बसले. त्यांनी चावी फिरवली. "शब्दावर जायचं न्हाई म्हणून ठरलंय," ते म्हणाले. "निघालो."

आणि जीप खरोखरच निघाली. मी मनातल्या मनात भाचीला, तिच्या कंपनीला आणि त्या पाठमोऱ्या ईला ठेवणीतल्या शिव्या घालत होते. गाव संपलं, ओढ्यावरचा पूल गेला, पुढचा फाटाही गेला. धुकं काचेला येऊन चिकटत होतं. तेवढ्यात काकू ओरडल्या, "उजेड! ओ, उजेड!"

रस्त्याच्या कडेनं एक ठिपका पुढं पुढं चालला होता. दाजींनी ब्रेक दाबला तसे आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर. रेनकोट, खाली पांढरा ड्रेस, गुडघ्यापर्यंत चिखल. गुलफशा!

"तुमी कसलं वेळेत निघताय, म्हणलं," ती धापा टाकत चढली. "म्हणून चालत फुडं आले, फाट्यावर दुधाचा टेम्पो गाठायला. तर त्योबी चुकला. आता रडायचीच बाकी हुते. पन तुमी कसं काय आलात?"

"पोरी, पाटीवर तर निघाले म्हणून होतं!" आनंदराव म्हणाले.

"मग निघालेच हुते की," गुलफशा म्हणाली. "निघाले म्हंजी निघाले."

अख्ख्या वेल्ह्यात हा शब्द जसा आहे तसा वापरणारी एकच निघाली, आणि तिच्यावरच कुणी विश्वास ठेवला नव्हता. थांब्यावर तिची वाट बघत बसलो असतो तर ती फाट्यापुढं चालत राहिली असती आणि जीप थांब्यावर उभी राहिली असती, निम्म्या दिवसापर्यंत, कोंबडीसकट. हे चैत्रालीला उमगलं आणि ती अशी हसत सुटली की तिला उचकी लागली. मग काकूंना दाबून धरलेली शिंक आली, एक नाही, सलग माळ लागली. आणि जीप थांबली नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गुलफशा वेळेत उतरली. आत मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या आणि त्यांनी घड्याळाकडं बघून नुसती मान हलवली, बरी हलवली. दाजी खाली उतरून तिच्यापाशी गेले. त्यांच्याच्यानं राहवेना. "गुलफशा, खरं सांगतो बाळ. म्या तुला सोडून निघालो हुतो."

"सोडून कुठं, काका?" ती म्हणाली. "माझ्या मागनंच आला की तुमी."

दाजींनी टोपी काढली आणि परत घातली. गुलफशानं चिखल झटकला, आत पळत जाता जाता मागं वळून हात केला आणि ओरडली, "येते हं!"

आनंदरावांनी जीपच्या खिडकीतून मान बाहेर काढली. दवाखान्यात नाहीशी होणाऱ्या पोरीकडं बघितलं, मग चैत्रालीकडं.

"गेली तर आत," ते म्हणाले. "आन् म्हणती, येते. आता हे तुझ्या त्या उलट्या एमधी कसं लिवायचं?"